मागचा आस

लोहामंडीच्या मागल्या गल्लीत, इर्शाद उस्तादच्या खड्ड्यावर
कॉन्टेसा उभी आहे लाकडी ठोकळ्यांवर,
मागची चाकं काढलेली.
माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान,
आणि गुडघे माझ्यापेक्षा चांगले.

त्यानं एक ड्रम हातानं फिरवला.
पलीकडचा उलटा फिरला.
"ओपन आहे, ताई. म्हणजे काय, सांगू?
ज्या चाकाखाली चिखल, सगळं फिरणं त्याचं.
जे कोरड्यावर पाय रोवून उभं,
त्याला काही नाही."
मी तिथंच टायरावर बसले.
छप्पन वर्षांत हे इतकं सोपं करून
मला कुणी सांगितलं नव्हतं.

झाकण सोडलं तसं काळं तेल परातीत आलं.
बोट बुडवून त्यानं उजेडात धरलं: चांदीचा चुरा.
"दाते खाल्लेत. चालवली कुणी?"
भावानं, म्हटलं. सिमरोल घाटात, रात्री, पैजेवर.
"मग बरोबर," म्हणाला,
जणू हेरंबला लहानपणापासून ओळखत होता.

आमच्याकडे आई होती ती, या आसाच्या मधली.
हेरंब घसरला की सगळं तिकडे:
पाटल्या, सुदामा नगरचा प्लॉट,
माझ्या नावानं ठेवलेली मुदतठेव.
तो जागच्या जागी गरगरायचा, धूर काढायचा,
गल्ली बाहेर येऊन बघायची.
मी बँकेच्या सियागंज शाखेत
एकतीस वर्षं कोरड्यावर उभी.
घर इंचभर पुढं गेलं नाही.

दोष तिचा नाही म्हणा. रचनाच तशी.
वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं,
त्याला पळू द्यावं, एवढंच तिला शिकवलेलं.
सरळ, सुक्या रस्त्याला ती कधी चुकली नाही.

पोऱ्या म्हणाला, वेल्डिंग मारून टाकू ना,
दोन्ही चाकं एकजीव, खर्च शून्य.
उस्तादनं पाना उगारला.
"आणि वळणावर? एकमेकांना फरफटतील.
टायर सोलून निघतील, गधड्या."
तेही करून झालं होतं आमचं.
आई गेल्यावर वर्षभर,
एक फ्लॅट, एक फ्रिज, एक वर्तमानपत्र.

म्हणून कोइम्बतूरहून खोका आलाय.
आत लोखंडी हंडी, हंडीत चकत्या एकावर एक,
थालीपीठ भाजल्याच्या रंगाच्या.
एरवी सैल. एक चाक घसरायला लागलं
की त्या दाबल्या जातात, आणि थोडं दुसरीकडे पाठवतात.
थोडं. सगळं नाही.
किंमत विचारू नका. ग्रॅच्युइटीतून दिली.

आता तो दात्यांना निळा रंग लावतो, फिरवतो, ठसा बघतो.
मी बॅटरी धरून.
"फार जवळ बसवलं तर रडतं,
फार लांब ठेवलं तर आपटतं."
शिम काढतो. शिम घालतो. सातव्यांदा
घड्याळासारख्या त्या गेजचा काटा
सहा थाऊवर थांबला,
आणि त्यानं चहा मागवला.

"लगेच पळवू नका. आठाचे आकडे काढा,
चकत्या एकमेकींना ओळखू देत."
तर पहाटे साडेपाचला, दसरा मैदानात,
कानाला मफलर बांधून मी आठ काढते.
फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले,
बराच वेळ बघत राहिले,
मग हात जोडून निघून गेले.

उस्तादनं सांगितलं होतं, छोट्या वळणावर कुरकुरेल.
तेलात औषध टाकलंय, तरी कुरकुरेल.
ऐकून घ्यायचं.

हेरंबच्या बिल्डिंगच्या आवारात
पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी वळवली, तेव्हा कुरकुरली.
तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत
बनियनवर, दाढीला अर्धा साबण, तो.
चार वर्षांत पहिलं वाक्य:
"मागे काय बसवलंस?"

आवाजावरून कळलं त्याला.
मी इंजिन बंद केलं नाही.
शेजारच्या सीटवरची पिशवी तेवढी
उचलून मागे ठेवली.